ब्रिजमधील बोली व तिचा अर्थ

पत्त्यांच्या खेळाविषयीं शाळेच्या वार्षिकांत लेख यावा, हें कित्येक पालकांस रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांविषयीं आमचें मतही त्यांच्याहून निराळें नाहीं. परंतु ब्रिज हा बुद्धीचा खेळ म्हणून जगभर मान्यता पावला आहे. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत तो प्रथमच खेळला गेला, आणि प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार या भारतीय जोडीनें पुरुषांच्या जोडी-स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. शिवाय या खेळांत एक नियम असा आहे कीं, त्याच्या तोडीचा नियम दुसऱ्या कोणत्याही खेळांत आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. त्याचेंच विवेचन येथें करावयाचें आहे.

ब्रिजमध्यें चार खेळाडू असतात. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. प्रत्येकास तेरा पानें मिळतात. पानें टाकण्यापूर्वीं बोलींचा लिलाव होतो. ‘एक बदाम’ अशी बोली म्हणजे बदाम हुकूम मानून सहांच्या वर एक, म्हणजे सात हात करण्याची हमी. किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक व बिनहुकुमी या पांच प्रकारांत एकपासून सातपर्यंत अशा सगळ्या मिळून ३५ बोली होतात. आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजचा पाया हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनीं १९२५ सालीं घातला.

आतां आपल्या तेरा पानांचें वर्णन भिडूस करावयाचें तें एवढ्याशा शब्दांत! म्हणून जोड्या आगाऊ संकेत ठरवितात. भिडूनें ‘एक बिनहुकुमी’ म्हटल्यावर ‘दोन चौकट’ म्हणणाराजवळ चौकट असेलच असें नाहीं. पुष्कळ जोड्यांच्या संकेतानुसार त्याचा अर्थ, ‘माझ्याजवळ बदामाचीं निदान पांच पानें आहेत, तुम्ही बदाम बोला,’ असा असतो.

मग असा संकेत गुप्त ठेवतां येईल काय? मुळींच नाहीं. क्रिकेटमध्यें गोलंदाज व यष्टिरक्षक यांनीं आपसांत कांहीं खूण ठरविली, तर ती फलंदाजास सांगण्याचें बंधन त्यांच्यावर नसतें. ब्रिजमध्यें मात्र भिडूंमधील प्रत्येक करार प्रतिपक्षासही खुला असला पाहिजे. स्पर्धांत प्रत्येक जोडी आपल्या संकेतांचा छापील तक्ता भरून ठेवते. नेहमींहून वेगळ्या अर्थाची बोली आली कीं, बोलणाराचा भिडू ‘अॅलर्ट’ असें म्हणून प्रतिपक्षास सावध करतो. कोणत्या बोलींस सावध करावयाचें हें स्पर्धेचे चालक ठरवितात. प्रतिपक्षाचा खेळाडू आपली पाळी आल्यावर अर्थ विचारूं शकतो. मात्र केवळ आपल्या भिडूच्या कानावर उत्तर पडावें म्हणून विचारणें निषिद्ध आहे.

उत्तर बोलणारानें द्यावयाचें नसून त्याच्या भिडूनें द्यावयाचें असतें, कारण सांगावयाचा तो करार, हातांतील पानें नव्हेत. कांहीं ठरलेलें नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. तर्क करून सांगूं नये. दीर्घ सहवासानें भिडूची जी संवय कळली असेल, तीही मात्र सांगितली पाहिजे. येथें एक सूक्ष्म भेद आहे. भिडूसही पूर्वसूचना नसेल तर बोलीनें सर्वांना चकविण्यास मुभा आहे. बोलीचा अर्थ सांगतांना चकविण्यास नाहीं.

खरी कसोटी भिडू चुकीचा अर्थ सांगतो तेव्हां लागते. वरील उदाहरणांत आपण बदामाच्या संकेतानें ‘दोन चौकट’ बोललों, आणि विसराळू भिडूनें प्रतिपक्षास सांगितलें, ‘याजवळ चौकट आहे.’ आपण तें ऐकलें. तरीहि लिलाव चालू असतां आपण त्याची चूक सुधारावयाची नाहीं, चेहऱ्यावरही कांहीं उमटूं द्यावयाचें नाहीं. आणि पुढील बोली भिडूनें अर्थ बरोबरच सांगितला आहे असें धरून करावयाची, मग त्यांत आपलें नुकसान कां होईना. लिलाव संपून हमी आपल्याकडे आली, तर पहिलें पान पडण्यापूर्वीं पंचांस बोलावून प्रतिपक्षास खरा करार सांगावयाचा. हमी प्रतिपक्षाकडे गेली असेल, तर तो डाव संपेपर्यंत थांबावें लागतें, कारण आधीं सांगितल्यास भिडूसही फुकटची माहिती मिळेल. चुकीच्या माहितीनें प्रतिपक्षाचें नुकसान झालें असल्यास पंच गुण बदलूं शकतात.

उलट, करार भिडूनें सांगितला तसाच असून आपणच तो विसरलों असूं, तर नियमभंग झालेला नाहीं. प्रतिपक्षास कराराची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आमच्या पानांची नव्हे. परंतु भिडूचें बोलणें ऐकून आपल्याला झालेली आठवण वापरण्यास मात्र बंदी आहे. ऐकलेलें न ऐकल्यासारखें करणें किती कठीण असतें, हें भावंडांमध्यें वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नकोच! शिवाय चूक अर्थाची कीं बोलीची, याचा पुरावा नसेल तर पंच ती अर्थ सांगण्यांतील चूक आहे असें धरतात. म्हणून छापील तक्त्याला महत्त्व.

ही अडचण टाळण्याकरितां मोठ्या सामन्यांत मेजावर तिरपा पडदा लावतात. बर्म्युडा येथील १९७५ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत असे पडदे होते. त्यामुळें भिडू एकमेकांस दिसत नाहींत, आणि प्रत्येक जण स्वतःच्या व भिडूच्याही बोलीचा अर्थ पडद्याच्या आपल्या बाजूस बसलेल्या प्रतिस्पर्ध्यास लिहून देतो. हल्लीं संगणकावर खेळतांना तर बोलणाराच आपल्या बोलीचा अर्थ प्रतिपक्षापुरता लिहितो. भिडूच्या दृष्टीस तो पडतच नाहीं.