हळदीचा डाग, सातशे शब्दांत

पहाटे ५.१५
चहा होईपर्यंत काल लिहिलेलं पुन्हा वाचते. रविवारच्या सदराचे सातशे शब्द आज रात्री द्यायचे आहेत. विषय हळदीचा डाग: साबण लागला की तो लाल का होतो आणि उन्हात का जातो. पहिला भाग सोपा आहे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं, अल्कलीत तांबडं, आणि साबणाचं पाणी अल्कधर्मी. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकांना हे सांगायला कुणी केमिस्ट गेला नव्हता. अडतं दुसऱ्या भागात. कर्क्युमिनच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. ती निळा प्रकाश शोषते, म्हणून हळद पिवळी दिसते. ऊन आणि हवा मिळून ती साखळी तोडतात. हे वाक्य मला आवडलंय, आणि नेमकं इथेच वाचक पान उलटणार हेही कळतंय.

६.४५
जुन्या पांढऱ्या रुमालाचे दोन तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून काढले. एक गॅलरीतल्या दोरीवर, दुसरा कपाटात. नुसतं वाचून लिहायचा मला कंटाळा आहे.

७.३०
एस.वाय.चं प्रॅक्टिकल. ऑक्झॅलिक आम्ल विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. लॅबमधल्या मामांनी ब्युरेट मांडून ठेवलेत. दरवर्षी कुणीतरी सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिकची बाटली उचलतं, आजही उचलली. परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचा क्लोरीन करत बसतं आणि रीडिंग फुगतं. फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत तापवला तरी पहिल्या थेंबाचा रंग जाता जात नाही. मुलं घाबरून बर्नर मोठा करतात. थांबा म्हणते. अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच पुढे तिचा वेग वाढवतं. चार-दोन थेंबांनंतर रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. मग उलट सांगावं लागतं, की आता हात आवरा.

व्हायवात एकीला विचारलं, परमँगनेट जांभळं का?
‘मॅडम, डी-डी ट्रान्झिशन.’
‘प्लस सात मँगनीजमध्ये डी इलेक्ट्रॉन किती?’
बोटांवर मोजून म्हणाली, ‘शून्य.’
‘मग उडी कोण मारतं?’
ती गप्प. शेजारचा पुटपुटला, गाइडमध्ये तसंच दिलंय. ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे जातो आणि त्यासाठी हिरवा प्रकाश शोषला जातो, हे फळ्यावर काढून दाखवेपर्यंत तास संपला. वर्गात हा फायदा असतो: चेहरा बघून कळतं की वाक्य पोचलं नाही, आणि लगेच दुसरं करता येतं. सदरात तो चेहरा दिसत नाही.

११.१५
स्टाफरूम. डबा, तीन सह्या, एक परिपत्रक.

१२.००
संशोधनाची खोली. पीएच.डी.नंतर मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत काढली, मग एका मासिकाचं विज्ञानाचं पान सांभाळलं, मग कॉलेजात आले. लोक विचारतात, संशोधन सुटलं का? रोजचे हे चार तास त्यांनी येऊन बघावेत. माझ्या विद्यार्थ्याच्या अभिक्रियेतून दोन पदार्थ निघालेत आणि ते एकमेकांना सोडायला तयार नाहीत. हेक्झेन आणि एथिल अ‍ॅसिटेट नवास एक घेतलं तर प्लेटवर दोन्ही ठिपके चिकटून येतात. साध्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हिरव्या उजेडात काळसर डाग उमटतात. अ‍ॅसिटेट निम्म्यावर आणलं, तेव्हा कुठे फट दिसली. आता सिलिकाचा कॉलम भरायचा आणि नळीमागून नळी गोळा करत उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत वरचा पदार्थ हाती आला. वहीत नोंद: ‘फिकट पिवळा घन’. पिवळा का, हे इथे कुणी विचारत नाही. एनएमआर बाहेरून करून आणायचा, त्याला आठवडा.

४.३०
मुलांची जर्नल्स तपासली. सगळ्यांचं रीडिंग एकच आहे, म्हणजे ते एकाचंच आहे.

५.४५
गॅलरीतला तुकडा बराच विटलाय, घडीत राहिलेला भाग मात्र पिवळा. कपाटातला सकाळसारखाच. घडीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेखाची सुरुवात आता तिथूनच. दुहेरी बंध खोडले. त्या जागी लिहिलं: ‘उन्हात हा रेणू तुटतो, आणि तुकड्यांना तो पिवळा रंग नसतो.’ एस.वाय.च्या पेपरात एवढ्यावर मी अर्धे गुण कापले असते.

९.१०
संपादकांचा फोन. ‘किती तासांत जातो, ते टाका ना.’
‘कापड, हळद, ऊन, सगळं बदलतं. माझ्या गॅलरीत दिवसभरात विटला, एवढंच खरं आहे.’
‘बरं. मथळा “डागावर रामबाण उपाय” चालेल?’
‘नाही.’
थोड्या घासाघिशीनंतर ‘हळद उन्हात का विटते?’ यावर ठरलं. फाइल पाठवली तेव्हा पावणेदहा झाले होते.