यंग जीन ली यांची नाट्यसाधना

कोरियात १९७४ साली जन्मलेल्या व बालपणीच अमेरिकेत आलेल्या यंग जीन ली यांनी शेक्सपिअरविषयक संशोधन अर्धवट सोडून २००३ साली न्यूयॉर्क येथे स्वतःची नाट्यसंस्था स्थापन केली. जे नाटक लिहावयास मन सर्वाधिक कचरते, तेच हाती घ्यावयाचे, ही त्यांची लेखनपद्धती होय. ‘वुई आर गॉना डाय’ (२०११) या प्रयोगात, व्यावसायिक नटी वा गायिका नसतानाही, एकाकीपणा व मृत्यू यांविषयीची कथने व गीते त्यांनी स्वतःच सादर केली. २०१८ साली ‘स्ट्रेट व्हाइट मेन’ ब्रॉडवेवर आले व तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आशियाई-अमेरिकी स्त्री-नाटककार ठरल्या. या नाटकाच्या केंद्रस्थानी मात्र एक गोरा पिता व त्याचे तीन पुत्र आहेत. लेखिकेने स्वसमाजापुरतेच लिहावे, ही अपेक्षा येथे निःशब्दपणे नाकारली गेली आहे.