जुन्या मोटारीचे दुखणे ओळखावे कसे?

बीड शहरात प्रवासी रेल्वेगाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळी-वैजनाथ हे जुने जंक्शन जिल्ह्यातच असले, तरी जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला तोवर रुळांची ओळख नव्हती. लग्नाचे वऱ्हाड असो, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण असो की मोंढ्यावर निघालेला व्यापारी असो, साऱ्यांचा भार रस्त्याने वाहिला. मोटार म्हातारी झाली म्हणून ती लगेच टाकून देण्याची रीत येथे नाही, ती कदाचित यामुळेच. अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. प्रीमियर पद्मिनीने तर त्याच्याही पुष्कळ आधी निरोप घेतला. तरीही या गाड्या जिल्ह्यातील रस्त्यांवर अधूनमधून भेटतात.

अशा गाडीच्या मालकाची तक्रार बहुधा ठरलेली असते. कार्बोरेटर बदलला, कॉइल बदलली, पॉइंट नवे घातले. गाडी मात्र आहे तशीच. येथे दोष सुट्या भागांचा नसतो, निदानाचा असतो. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र मात्रा आधी आणि नाडी मागाहून, असा उलटा क्रम सर्रास चालतो. जुन्या मोटारीत संगणक नाही, हे एका दृष्टीने सोयीचेच आहे. तिचे बहुतेक दुखणे डोळ्यांना, कानांना आणि नाकाला कळते.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका पद्मिनीचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. मे महिन्याच्या दुपारी बीडहून गेवराईकडे जाताना ती वाटेत बंद पडे. अर्धा तास झाडाखाली उभी केली, की जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. एका गॅरेजमध्ये कॉइल बदलण्यात आली. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. वास्तविक गरम होऊन बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे ही खूण दोन निरनिराळ्या दोषांची आहे. निकामी होत चाललेली कॉइल तापली म्हणजे ठिणगी देईनाशी होते, हे खरे. परंतु इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला, तरी गाडी नेमकी अशीच वागते. दोहोंत फरक करावयाचा तर गाडी बंद असतानाच पाहिले पाहिजे. ती निवल्यावर गॅरेजात नेऊन काहीच सापडत नाही.

ही परीक्षा सोपी आहे. एक प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोचते आहे, ठिणगी पडत नाही. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची टोपी या बाजूने शोध घ्यावा. प्लग कोरडा असेल आणि ठिणगी ठीक असेल, तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची वाट तपासावी. ठिणगी पाहताना प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या अंगाला नीट टेकलेला असावा आणि जवळपास सांडलेले पेट्रोल नसावे, एवढी काळजी घेणे अत्यावश्यक आहे. गाडी बंद कशी पडली, हेही आठवावे. स्विच बंद केल्यासारखी एकदम थांबली तर बहुधा विजेचा दोष. आचके देत, खोकत थांबली तर बहुधा इंधनाचा. उपर्युक्त पद्मिनीचा प्लग कोरडा निघाला आणि ठिणगी उत्तम होती. एसी पंपावर ओले फडके ठेवताच ती चालू झाली. कायमचा उपाय म्हणून पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेण्यात आली. कॉइलचा खर्च तेवढा व्यर्थ गेला.

इंधनाच्या वाटेवर आणखी एक गंमतीदार दोष आढळतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजते, पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही किलोमीटरनंतर गाडी थांबते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला, तर रोग सापडला म्हणावे. याला खर्च एका टाचणीचा. डिझेल जीपची गोष्ट वेगळी. तिच्यात ठिणगीच नसते. नळीच्या सांध्यातून हवा शिरली, की गाडीने ‘हवा धरली’ असे म्हणतात. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे निघून जाईपर्यंत डिझेल ओढावे, आणि हवा कोठून शिरली तो सांधाही शोधावा. नाहीतर चार दिवसांनी पुन्हा तेच काम.

जुन्या पेट्रोल गाड्यांपुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जातात. त्यांनी तोडलेल्या उसापासूनही इथेनॉल होते आणि ते पंपावाटे पुन्हा जिल्ह्याच्या मोटारींत येते, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. परंतु जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि एसी पंपाचा पडदा हे भाग या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, त्यांना भेगा जातात. इथेनॉल टाकीतील जुना चिकट गाळही सोडवते आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. शिवाय ते पाणी शोषून घेते. म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. इथेनॉलला चालणाऱ्या प्रकारच्या नळ्या बाजारात मिळतात. त्या एकदाच बदलून घ्याव्यात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तापलेल्या इंजिनवर पडलेले थेंब आग लावतात.

गाडी तापण्याचे मूळ पुष्कळदा पाण्यात असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. माठाच्या बुडाशी बसणारा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. यास्तव कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण वापरावे. गाडी तापल्यास प्रथम फॅन बेल्ट, मग थर्मोस्टॅट, मग वॉटर बॉडीतून होणारी गळती असा क्रम ठेवावा. इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून तोंड भाजल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ऑइल दुधाळ झाले असेल, अथवा झाकण काढून सुरू केलेल्या थंड इंजिनच्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा आणि गाडी पुढे दामटू नये.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी; चोक अडकला आहे का, एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, ते पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो सकाळी सुरू करताना क्षणभर दिसला तर व्हॉल्व्हचे सील, आणि चढावर जोर देताना सतत निघाला तर पिस्टन रिंगा. पहिल्या कामाचा खर्च दुसऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी असतो, म्हणून हा भेद मालकाला ठाऊक असावा.

वरील सर्व दोषांत गाडी फार तर थांबते. ब्रेकच्या दोषात ती थांबत नाही. खामगाव-पंढरपूर मार्गावरील धारूरचा घाट अथवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना हा फरक कळला तर उशीर झालेला असतो. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच मार्ग असतो. एका चाकाकडे ऑइल गळाले, की चारही चाके मोकळी. म्हणून पॅडलची भाषा शिकून घ्यावी. पॅडल खोल जाते पण दोनतीनदा दाबल्यावर वर येते, तर लायनर झिजले आहेत किंवा त्यांची जुळणी करावयाची आहे. पॅडल स्पंजासारखे लागते, तर नळीत हवा आहे. आणि पाय स्थिर ठेवूनही ते हळूहळू खाली बसत जाते, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे किंवा कोठेतरी गळती आहे. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवीत नेऊ नये, ओढून न्यावी. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूचे चाक काम करीत नाही असे समजावे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ही गोष्ट फारशी कोणी विचारात घेत नाही. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. घाटात ड्रम तापतात, ऑइल उकळते आणि पॅडल रिकामे जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. त्याऐवजी इंजिन ऑइल वा रॉकेल कदापि घालू नये, त्याने सारी रबरे फुगून निकामी होतात. इंधन वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड तर घातकच. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते. त्यानंतर मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. एमएच २३ क्रमांकाच्या गाड्यांसाठी बीड आणि एमएच ४४ साठी अंबाजोगाई येथील परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा. तेथे गाडी प्रत्यक्ष तपासली जाते. तपासणीला नेण्याच्या आठवडाभर आधी एखाद्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश वेगात दोनतीनदा ब्रेक लावून पाहावेत, हँडब्रेक चढावर गाडी धरतो की नाही तेही पाहावे, आणि रात्रभर गाडी जेथे उभी होती तेथील फरशीवर सकाळी कोणत्या चाकाजवळ ओला डाग आहे, ते वाकून पाहावे.