जाळीच्या पानांची पाहुणी

अ‍ॅपोनोजेटॉन मादागास्करिएन्सिस, म्हणजे मत्स्यटाकीच्या शौकिनांची ‘लेस प्लांट’. मूळ घर मादागास्करमधले वाहते ओढे. पानाला भरीव पाते नाहीच, नुसती शिरांची जाळी. कोवळ्या पानात शिरांमधल्या पेशी ठरल्या क्रमाने आपणहून मरतात आणि चौकोनी भोके पडतात. कीडबीड काही नसते! टाकीत हिचे नखरे फार. पाणी मृदू, हलते आणि २०-२२ अंशांच्या आसपास हवे. मुंबईच्या उन्हाळ्यात ते अवघडच. उजेड जास्त झाला की जाळीत शेवाळ धरते. मधूनच सगळी पाने झडतात, तेव्हा कंद लगेच फेकू नका. बहुधा तो विश्रांती घेत असतो. आपल्या कास पठारावरचा वायतुरा हिच्याच कुळातला. तो मात्र पठारावरच पाहावा, घरी आणू नये.