दूध पिताना येणारा घाम

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी रोहिण्या महारोहिणीच्या मुळापाशी निघतात. सुमारे शंभरात एकाच्या बाबतीत त्यांचा उगम किंवा मार्ग जन्मतः वेगळा असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही.

डावी रोहिणी महारोहिणीऐवजी फुप्फुसरोहिणीतून निघाली, तर मात्र गाठ मृत्यूशी असते. १९३३ साली ब्लंड, व्हाइट आणि गारलंड यांनी वर्णन केलेला हा दोष सुमारे तीन लाख जन्मांत एकदा आढळतो. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसरोहिणीतला दाब जास्त असल्याने बाळ ठणठणीत दिसते. दाब उतरला की डाव्या रोहिणीतले रक्त उलटे फुप्फुसाकडे वाहू लागते आणि हृदयाचा स्नायू उपाशी राहतो. अंगावर पिताना बाळ कळवळून रडते, घामाने डबडबते, दूध सोडते. वजन वाढत नाही. घरी त्याला पोटदुखीच समजतात.

परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून पालमपर्यंत अशा बाळापर्यंत आधी आशाताईच पोचते. नवजात बाळासाठीच्या तिच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात, पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. हा आजार नेमका त्या मधल्या काळात डोके वर काढतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. वजन-उंची होते, छातीला स्टेथोस्कोप लागतो. हृदयाला छिद्र असेल तर मर्मर बहुधा ऐकू येते. या दोषात कित्येकदा काहीच ऐकू येत नाही. म्हणून आईला ‘पिताना घाम येतो का?’ हे विचारणे स्टेथोस्कोपइतकेच मोलाचे.

ईसीजीत ठरावीक लीडमध्ये खोल क्यू लहरी दिसल्या की संशय बळावतो. टूडी इकोत डावा कप्पा फुगलेला दिसतो. इथेच फसगत होते: स्नायूचा आजार म्हणून नुसती औषधे सुरू होतात. रोहिणीचा उगम शोधूनच निदान करावे लागते. शस्त्रक्रियेत ती रोहिणी मुळासकट सोडवून महारोहिणीला जोडतात. उपचाराविना दहापैकी नऊ बाळे वर्षाच्या आत दगावतात. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर दुबळा स्नायू बराचसा सावरतो.

दुसरा प्रकार मोठेपणी उघड होतो. महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांच्या मधून गेलेली कोरोनरी रोहिणी धावताना आवळली जाते. पोलीस भरतीच्या १६०० मीटरच्या सरावात भोवळ आली, तर ‘उपाशीपोटी पळाला’ असे म्हणून विषय संपवतात. विश्रांतीतला ईसीजी अनेकदा स्वच्छच येतो. धावताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली असेल, तर इको आणि गरज पडल्यास सीटी अँजिओग्राफी होईपर्यंत सराव बंद ठेवतात.