चाकांवरचा संसार

कुकरची शिट्टी, धुण्याचा ढीग, आलं-गेलं... या साऱ्याला कंटाळून 'कुठं तरी निघून जावं' असं तुम्हांला कधी वाटलं नाही? खरं सांगा हं!

परवा भाचीनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. समुद्राकाठी उभी व्हॅन, मागचं दार उघडं, आत पांढरीशुभ्र गादी आणि कॉफीचा कप घेऊन बसलेली हसरी मुलगी. "मावशी, ना घरभाडं, ना कटकट. राहावं तर असं!" क्षणभर मलाही हेवा वाटला. मग गृहिणीच्या नजरेनं पुन्हा पाहिलं नि मनात आलं, अगंबाई, या घरात मोरी कुठं आहे?

अमेरिकेत या राहणीची भारी हौस आहे. पण तिची दुसरी बाजू जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात मांडली. त्यासाठी त्या स्वतः व्हॅनमध्ये राहिल्या. त्यांना भेटल्या साठी-सत्तरीच्या बायका! २००८ च्या मंदीत कुणाची नोकरी गेली, कुणाची शिल्लक. तिकडं पेन्शन ठरतं कमाईवर. घर-मुलांपायी गेलेली बिनपगारी वर्षं त्या कमाईत धरत नाहीत. हाती येई त्यात भाडं भागेना, म्हणून गाडीत संसार. उन्हाळ्यात पर्यटकांच्या तळांवर संडास धुवायचे, नाताळाआधी गोदामात माल हलवायचा, थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम. या पुस्तकावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. पुस्तकातल्या लिंडा मे त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत.

आणि घरकाम? ते काही सुटत नाही! पाणी भरून आणा, सांडपाणी साठवून योग्य जागी ओता. अनेकींचा संडास म्हणजे झाकणाची बादली. शहरात रात्री कुणी काच वाजवून हुसकावेल ही धास्ती. सरकारी मोकळ्या जमिनीवरही बहुतेक ठिकाणी १४ दिवसांची मुदत. आणि गाडी बिघडली, की घरच गॅरेजात!

तरी या बायका रडत बसत नाहीत. एकमेकींना धरून असतात, स्वतःला बेघर म्हणवून घेत नाहीत. पण फोटोतल्या मुलीला कंटाळा आला तर ती घरी परतेल. यांनी परतायचं कुठं?

आता आपल्याकडंही अशी गाडी भाड्यानं मिळते. चार दिवस जरूर जा! फक्त निघण्यापूर्वी ठरवून घ्या, पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार? नाही तर ओटा तेवढा दीड फुटाचा होईल, पुढ्यात उभ्या तुम्हीच!

आणि परत आल्यावर एक काम करा. घराच्या कागदांवर आपलं नाव आहे का, आपल्या स्वतःच्या खात्यात म्हातारपणासाठी किती आहे, हे शांतपणे पाहून घ्या. भटकंतीची मजा, पाठीशी घर असलं तरच!