“हे काय लिहिलंय?” असं कमेंटमध्ये टाकण्याआधी

हेडफोन लावलेत ना? आज एका कबुलीनेच सुरुवात करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये कॉलेजातून थेट एक मुलगा आला. त्याच्या पहिल्या मोठ्या पुल रिक्वेस्टवर मी लिहिलं, “हे काय लिहिलंय? लूपच्या आत कोणी क्वेरी मारतं का?” मुद्दा बरोबर होता. पण त्यानंतर पोरगं गप्प झालं. अर्धवट कोड दाखवून विचारणं बंद. आठवडाभराचं काम रिलीजच्या आदल्या संध्याकाळी एकदम टाकायचा. एवढा कोड तेव्हा कोण नीट वाचणार? एक बग थेट प्रॉडक्शनला गेला, काही लोकांचे पैसे दोनदा कापले गेले. शिव्या त्याने खाल्ल्या. त्यात माझाही वाटा होता, हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही.

सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची एक साधी पद्धत आहे: प्रसंग, वागणं, परिणाम. कुठे, काय केलं, त्याने काय झालं, एवढंच सांगायचं. माणसाला विशेषण लावायचं नाही. तीच कमेंट आज मी अशी लिहीन: “ओळ ४२ वर लूपमध्ये क्वेरी आहे. १०० ऑर्डर असतील तर १०१ क्वेऱ्या जातील आणि पेज रखडेल. सगळे आयडी गोळा करून एकाच क्वेरीत आणता येईल का? अडलं तर पाच मिनिटं कॉलवर बसू.” टाइप करायला मिनिटभर जास्त लागतं, बास.

गूगलच्या रिव्ह्यू गाइडमधली एक युक्तीही मी उचललीय. किरकोळ सूचनेआधी ‘निट’ लिहायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की हे नाही केलं तरी चालेल.

आणि ते सँडविच, म्हणजे आधी गोड, मध्ये कडू, शेवटी परत गोड? मला नाही पटत. ऐकणारा ‘पण’ची वाट बघत बसतो. कौतुक करायचं तर नेमकं करा: “रिकाम्या कार्टची टेस्ट लिहिलीस, मला सुचली नसती.”

“कडक बोलल्याशिवाय क्वालिटी येत नाही” म्हणणारे लिनस टोरवाल्ड्सचं नाव घेतात. त्याच लिनसने २०१८ मध्ये आपल्या ईमेलमधल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागून काही काळ सुट्टी घेतली होती. लिनक्स काही बंद पडलं नाही.

मागच्या महिन्यात त्या मुलाला चहावर गाठून सॉरी म्हटलं. तो हसला. म्हणाला, “दादा, तुझ्या त्या कमेंटचा स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.”